‘परसों’ म्हणजे नेमकं कधी?

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)



आज मला एका अभ्यासक्रमाविषयी बोलायचं आहे. इंग्रजीत त्याला ‘फॉरेन्सिक अँड इन्व्हेस्टिगेटिव्ह सायकॉलॉजी’ म्हणतात. ‘न्यायवैद्यक’ हा आपला शब्द शवविच्छेदनाला चिकटलेला, त्यामुळे तो इथे चालत नाही. ‘न्यायालयीन व अन्वेषणविषयक मानसशास्त्र’ असं म्हणता येईल, पण ते सरकारी पाटीसारखं वाटतं. मी आपलं ‘तपासाचं मानसशास्त्र’ म्हणतो.

मी साधा बी.ए., तोही मराठी घेऊन. कविता लिहितो. मग या विषयात माझं काय काम, असं कुणी विचारेल. तर माझी भाची, माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी, २०१७ साली हा विषय घेऊन एम.एस्सी. करायला उत्तर इंग्लंडात गेली. वर्षभराचा अभ्यासक्रम. त्या वर्षात दर रविवारी तिचा फोन यायचा. आईशी पाच मिनिटं आणि माझ्याशी तासभर, कारण आईचा प्रश्न एकच: “खुनी लोगां का क्या पढनेका रहता गे?” आणि त्याचं उत्तर काही केल्या आमच्या आपाला पटायचं नाही. मग ती म्हणायची, “मामू, तुम्हीच ऐका.” मी ऐकत गेलो. तिनं पाठवलेलं वाचत गेलो. आणि माझ्या लक्षात आलं की हे शास्त्र निम्म्याहून अधिक शब्दांचं आहे. म्हणजे माझ्याच गल्लीतलं.

टीव्हीवरच्या मालिकांनी या विषयाची एक प्रतिमा करून ठेवली आहे. एक हुशार माणूस घटनास्थळी येतो, डोळे मिटतो आणि सांगतो की खुनी डावखुरा आहे, त्याचं आईशी पटत नव्हतं. प्रत्यक्षात या शाखेची सुरुवात बरीच रुक्ष आहे, आणि म्हणूनच मला ती आवडली. डेव्हिड कँटर हे इंग्लंडातल्या सरे विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांचा मूळ विषय इमारती आणि माणसं. म्हणजे माणूस जागेचा वापर कसा करतो, आग लागली की कुठून पळतो, असा. १९८६ साली पोलिसांनी त्यांना मदत मागितली. लंडनच्या रेल्वे स्थानकांच्या आसपास बलात्कारांची मालिका चालू होती, पुढे खूनही झाले होते. कँटर यांनी गुन्ह्यांच्या जागा आणि तारखा नकाशावर मांडल्या. हा माणूस अमुक भागात राहत असावा, रेल्वेची त्याला चांगली माहिती असावी, संसारात बेबनाव असावा, असे काही अंदाज लिहून दिले. पोलिसांच्या लांबलचक यादीत जॉन डफी नावाचा रेल्वेत सुतारकाम केलेला माणूस होता. यादीतून तो वर आला, त्याच्यावर पाळत ठेवली गेली, आणि १९८८ साली त्याला जन्मठेप झाली. डफीचा एक साथीदार होता, तो मात्र मोकळाच राहिला. त्याचं नाव बाहेर आलं ते बऱ्याच वर्षांनी, डफी तुरुंगातल्या एका मानसशास्त्रज्ञ बाईंशी बोलू लागला तेव्हा. त्या साथीदाराला २००१ साली शिक्षा झाली. लोक पहिली गोष्ट चवीनं सांगतात. मला दुसरी जास्त मोठी वाटते. त्या बाईंनी फक्त ऐकलं होतं.

कँटर १९९४च्या सुमारास लिव्हरपूलला गेले आणि तिथे या विषयाचं पदव्युत्तर शिक्षण उभं राहिलं. त्यांचा एक शोध भाचीनं मला कागदावर काढून दाखवला होता. एकाच माणसानं केलेले सगळे गुन्हे नकाशावर मांडायचे, त्यांतल्या सर्वांत लांबच्या दोन ठिकाणांना जोडणारी रेघ काढायची आणि तो व्यास धरून वर्तुळ आखायचं. कँटर आणि लार्किन यांनी १९९३ साली ४५ गुन्हेगारांचा असा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या ८७ टक्क्यांची घरं त्या वर्तुळाच्या आत निघाली. माणूस वाईट काम करायलाही ओळखीच्या रस्त्यानं जातो. आता हे ऐकून कुणी कंपास घेऊन बसेल! उरलेले १३ टक्के वर्तुळाबाहेर राहतात आणि घरं तर आत हजारो असतात, हे वाक्यही तिथे त्याच तासाला शिकवतात.

कारण त्या मंडळींनी एक मोठा फटका खाल्लेला आहे. १९९२च्या जुलैत लंडनच्या विम्बल्डन कॉमनवर एका तरुण आईचा तिच्या लहानग्या मुलासमोर खून झाला. पोलिसांनी एका मानसशास्त्रज्ञाकडून खुन्याचं मनोचित्र करून घेतलं आणि कॉलिन स्टॅग नावाचा, एकटा राहणारा, काहीसा विक्षिप्त माणूस त्या चित्रात बसवला. पुरावा नव्हता. म्हणून एक महिला पोलीस प्रेयसीचं सोंग घेऊन त्याच्याशी महिनोन्‌महिने पत्रव्यवहार करत राहिली, की कबुली देईल. त्यानं ती दिली नाही. तरी त्याला अटक झाली, वर्षभर तो कोठडीत राहिला. १९९४च्या सप्टेंबरात न्यायाधीशांनी तो सगळा पुरावा कडक शब्दांत नाकारला. खरा खुनी रॉबर्ट नॅपर. त्यानं स्टॅगच्या अटकेनंतर, १९९३च्या नोव्हेंबरात, आणखी एक आई आणि तिची छोटी मुलगी मारली. विम्बल्डनचं कृत्य आपलं आहे हे त्यानं न्यायालयात मान्य केलं ते २००८ साली. भाचीच्या वर्गात हे प्रकरण बारकाईनं शिकवलं गेलं. जी विद्या आपली फजिती स्वतःच्याच वर्गात शिकवते, तिच्यावर थोडा विश्वास ठेवायला हरकत नाही, असं मी आपाला सांगितलं. आपा म्हणाली, “और वो बच्ची?” त्यावर मी काय बोलणार?

आता शब्दांकडे येतो. एलिझाबेथ लॉफ्टस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. त्यांनी १९७४ साली पामर यांच्याबरोबर केलेला एक प्रयोग या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो. विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवली आणि विचारलं, गाड्यांचा वेग किती होता? प्रश्न तोच, फक्त क्रियापद बदललं. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा. काहींना विचारलं, धाडकन आदळल्या तेव्हा. सौम्य क्रियापद ऐकलेल्यांनी सरासरी ३२ मैलांच्या आसपास वेग सांगितला, कडक क्रियापदवाल्यांनी ४१च्या आसपास. दुसऱ्या फेरीत आठवड्यानं पुन्हा बोलावून विचारलं, फुटलेली काच दिसली का? फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. तरी ‘आदळल्या’ ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जणांना ती आठवली. ‘लागल्या’ ऐकलेल्या ५० जणांत असे ७ निघाले. क्रियापदानं आठवणीत काच फोडली.

कवीला यात नवल वाटू नये. आम्ही आयुष्यभर तोच उद्योग करतो. पण कवितेत शब्द बदलला तर फार तर ओळ पडते. जबाबात बदलला तर माणूस आत जातो.

मागे एकदा आमच्या गावाच्या चौकात एका टेम्पोनं सायकलवाल्याला पाडलं. मी पानाच्या टपरीशी उभा होतो. साक्षीदार म्हणून माझा जबाब घेतला गेला. मी सांगितलं, “टेम्पो आला, सायकलवाला वळला, आणि त्याला धक्का लागला.” जबाब लिहिणाऱ्या जमादारांचं अक्षर सुरेख होतं. त्यांनी लिहिलं, ‘सदर टेम्पोचालकाने आपले ताब्यातील वाहन भरधाव वेगात, हयगयीने व निष्काळजीपणे चालवून...’ मी म्हटलं, साहेब, मी भरधाव म्हटलं नाही. ते म्हणाले, “तसंच लिहितात.” त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. कलमाला लागणारे शब्द त्यांच्या हाताला इतके सवयीचे झाले होते की माझं वाक्य त्यात कधी विरघळलं हे त्यांनाही कळलं नसेल. त्या टेम्पोवाल्याचा वेग किती होता, ते मला आजही सांगता येणार नाही. कागदावर तो भरधावच आहे. भाचीला हा किस्सा सांगितला तेव्हा ती म्हणाली, “मामू, आमच्याकडे यावर अख्खं सेमिस्टर आहे.”

त्या सेमिस्टरमध्ये काय शिकवतात? साक्षीदाराला मध्येच तोडायचं नाही. ‘त्यानं लाल शर्ट घातला होता का?’ असं विचारायचं नाही, ‘काय दिसलं ते सांगा’ म्हणायचं आणि गप्प राहायचं. फिशर आणि गायझलमन या दोघांनी १९८०च्या दशकात मुलाखतीची एक पद्धत बसवली. तीत साक्षीदाराला आधी त्या जागी मनानं परत नेतात: ऊन होतं का, वास कसला येत होता, तुम्ही कुठून आला होतात. मग त्याच्या गतीनं बोलू देतात. आमच्या आजीला भूतकाळातली एखादी गोष्ट विचारली की ती आधी त्या साली पाऊस कसा झाला होता ते सांगायची. तिला कुणी पदवी दिली नाही.

आणि खोटं ओळखणं? नजर चुकवतो तो खोटारडा, ही आपली पक्की समजूत. बाँड आणि डीपॉलो यांनी २००६ साली पूर्वीच्या शेकडो प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला. केवळ पाहून-ऐकून खरं-खोटं ओळखण्यात माणसं सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर येतात. नाणं उडवलं तर ५० टक्के. मोठ्यांसमोर मान खाली घालायची असं ज्या पोराला घरात शिकवलं आहे, ते ठाण्यात कसं दिसत असेल, याचा विचार करा.

कबुलीजबाबाचा भाग मात्र ऐकताना मला जड गेला. १९७४ साली ब्रिटनमध्ये आयरिश बंडखोरांनी दारूच्या गुत्त्यांत बॉम्बस्फोट केले, माणसं मेली, देश खवळला. पोलिसांनी आयरिश माणसं पकडली, कबुल्या मिळाल्या, १९७५ साली जन्मठेपा झाल्या. ‘गिल्डफर्ड फोर’ म्हणून ओळखले गेलेले चौघे १९८९ साली सुटले, ‘बर्मिंगहॅम सिक्स’ १९९१ साली. निरपराध माणसं, कबुली देऊन, पंधरा-सोळा वर्षं आत. न केलेला गुन्हा माणूस कबूल कसा करतो, याचा अभ्यास गिस्ली गुडजॉनसन यांनी केला. ते मूळचे आइसलंडचे आणि आधी पोलिसात काम केलेले. काही माणसं दबावाखाली समोरच्याचं म्हणणं उचलतात. कुणी झोपेसाठी, कुणी घरी जाता यावं म्हणून, आणि कुणाला तर खरंच वाटू लागतं की आपणच केलं असेल. हे मोजण्याची पट्टी त्यांनी १९८४ साली प्रसिद्ध केली. याच काळात तिथला कायदा बदलला, चौकशी टेपवर घेणं सुरू झालं, आणि १९९२-९३पासून पोलिसांना चौकशीची नवी पद्धत शिकवली जाऊ लागली. तिचा उद्देश कबुली मिळवणं हा नाही, माहिती मिळवणं हा आहे.

आपल्याकडे इंग्रजांनीच १८७२च्या पुरावा कायद्यात लिहून ठेवलं होतं की पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध चालणार नाही. १ जुलै २०२४पासून नवा भारतीय साक्ष अधिनियम आला, त्यातही ती तरतूद आहे. पण विशेष कायद्यांत अपवाद असतो. आपल्या राज्याच्या १९९९च्या मोक्का कायद्यात पोलीस अधीक्षकाच्या किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली पुरावा ठरू शकते. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकलमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्या खटल्यात २०१५ साली बारा जणांना शिक्षा झाली, पाच जणांना फाशीची. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं बाराही जणांना निर्दोष ठरवलं. कबुलीजबाब विश्वासार्ह मानता येत नाहीत, काहींमधला मजकूर एकमेकांशी जुळतो, असं न्यायालयानं म्हटलं. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आहे, आणि हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असं त्या न्यायालयानं सांगितलं. कोर्टाचं काम कोर्ट करील. मी फक्त एवढंच सांगतो की त्या निकालाच्या दिवशी माझ्या घरात दोन प्रकारचं दुःख होतं. एक, त्या बारा घरांचं, ज्यांची एकोणीस वर्षं गेली. दुसरं, लोकलमध्ये गेलेल्यांच्या घरांचं, ज्यांना आता ‘मग कुणी केलं?’ या प्रश्नापासून पुन्हा सुरुवात करायची आहे. खोटी कबुली दोघांनाही फसवते.

यंत्रांनी प्रश्न सुटेल असं काहींना वाटतं. पुण्याच्या सत्र न्यायालयानं २००८ साली एका तरुणीला खुनाबद्दल जन्मठेप दिली, त्यात मेंदूच्या लहरी मोजणाऱ्या चाचणीचा आधार घेतला गेला होता. जगभर त्याची बातमी झाली. पुढे उच्च न्यायालयानं शिक्षा स्थगित करून तिला जामीन दिला. या चाचणीत डोक्याला तारा लावून माणसाला प्रथमपुरुषी वाक्यं ऐकवतात: मी हे विकत घेतलं, मी तिथे गेले, अशी. अनुभवलेलं वाक्य आलं की मेंदू वेगळा उजळतो, असा दावा. हे ऐकून मी हसलो होतो. कवितेतला ‘मी’ ऐकताना श्रोत्याला आपणच तिथे होतो असं वाटावं, यावर तर आमचा सारा धंदा चालतो! ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयानं सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सांगितलं की नार्को, पॉलिग्राफ आणि अशा मेंदूचाचण्या माणसाच्या संमतीशिवाय करता येणार नाहीत. बरं झालं.

ज्यांच्या घरातली मुलं हे शिकू पाहतात, त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगून टाकतो. ब्रिटनमध्ये ‘फॉरेन्सिक सायकॉलॉजिस्ट’ ही उपाधी २००९पासून कायद्यानं राखीव आहे. नुसती एम.एस्सी. झाली म्हणून ती लावता येत नाही. अभ्यासक्रमाला तिथल्या मानसशास्त्र परिषदेची मान्यता लागते आणि त्यानंतर देखरेखीखाली काही वर्षं काम करावं लागतं. पैसे भरण्याआधी हे विचारून घ्यावं, कारण सारख्या नावाचे अभ्यासक्रम पुष्कळ. आणि परदेशीच जायला हवं असं नाही. गांधीनगरचं फॉरेन्सिक विद्यापीठ २०२०पासून राष्ट्रीय झालं आहे, तिथे हा विषय आहे. नोकऱ्या मोजक्या. प्रयोगशाळांत थोड्या, संस्थांत थोड्या. खुन्याचा माग काढायची नोकरी तर कुठेच नाही.

भाची परत आली ती एका संस्थेत, अत्याचार सोसलेल्या लहान मुलांबरोबर पोलीस ठाण्यात आणि कोर्टात जाणारी सहायक म्हणून. २०१२च्या पॉक्सो कायद्यात एक वाक्य आहे, ते मला फार मोलाचं वाटतं: मुलाचा जबाब मुलानं सांगितला तसाच नोंदवावा. जबाब घेणारे पोलीस गणवेशात नसावेत आणि कोर्टात वकिलांनी मुलाला थेट प्रश्न न विचारता न्यायाधीशांमार्फत विचारावेत, असंही त्यात आहे. पण ‘सांगितला तसाच’ म्हणजे कसा? इथे इंग्लंडची पुस्तकं संपतात आणि मराठवाडा सुरू होतो.

ती प्रकरणं कधी सांगत नाही, सांगूही नये. कधी तरी फक्त एखादा शब्द विचारते. “मामू, आपल्याकडे पोरं ‘परसों’ म्हणतात ते कधीचं?” हिंदीत परसों म्हणजे परवा. आमच्या दखनीत परसों म्हणजे होऊन गेलेला कुठलाही दिवस. परवाचा, गेल्या ईदचा, दोन वर्षांमागचासुद्धा. पोर म्हणतं परसों, लिहिणारा लिहितो ‘दोन दिवसांपूर्वी’, आणि उलटतपासणीत वकील विचारतो, दोन दिवसांपूर्वी तर आरोपी गावातच नव्हता, मग तू खोटं बोलतोस का? पोर गप्प होतं. तसाच ‘काका’ हा शब्द. आपली मुलं दूधवाल्यालाही काका म्हणतात, रिक्षावाल्यालाही आणि शेजाऱ्यालाही. कागदावर त्याचा ‘चुलता’ झाला की चुलता अडकतो आणि रिक्षावाला सुटतो.

वेळेचंही तेच. सहा-सात वर्षांच्या पोराला घड्याळ नीट कळत नाही. किती वाजले होते विचारलं की ते काहीतरी सांगतं, कारण मोठ्यांनी विचारलं की सांगावं लागतं. म्हणून भाची तो प्रश्न विचारू देत नाही. त्यावेळी आणखी काय चाललं होतं, एवढंच विचारायला लावते. एक मूल म्हणालं, मगरिबची अजान झाली होती आणि अम्मी नळावर होती. मगरिब सूर्यास्ताला बांधलेली, तारीख कळली की वेळ मिनिटांत सांगता येते. आणि तारीख? आमच्या गावात नळ रोज येत नाही. कुठल्या वस्तीला कुठल्या दिवशी पाणी सोडलं, याची नोंद नगरपालिकेत असते. ती नोंद मागवायचा अर्ज तिनं माझ्याकडून शुद्ध मराठीत लिहून घेतला.